नाना, मी आणि काजूची भट्टी

दर वर्षी ऊर्ध्वपातनाचा धडा आला की मी फळ्यावर गोल बुडाचा चंबू काढतो, त्याला तिरकी नळी जोडतो, नळीभोवती थंड पाणी फिरवतो आणि बाजूला ठळक लिहितो : इथेनॉल, उत्कलनबिंदू ७८.४ अंश सेल्सिअस. चोपड्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात हे १९ वर्षं चाललंय. खरी भट्टी मी कधी पाहिली नव्हती. बघावी असंही कधी वाटलं नव्हतं. आपल्याकडे भट्टी बघायला एकतर गिऱ्हाईक जातं, नाहीतर धाड.

आमच्या प्रयोगशाळेतले नाना मात्र भट्टीपाशीच वाढलेले. सातपुड्याच्या पायथ्याचा पाडा, पावरा आदिवासी कुटुंब, अंगणात मोहाची दोन झाडं. काही वर्षांपूर्वी ऐन प्रात्यक्षिकाच्या दिवशी आमचा एकुलता एक कंडेन्सर, म्हणजे वाफ गार करणारी नळी, फुटला. नाना म्हणाले, "सर, वरून थंड पाण्याचं भांडं ठेवा, खाली वाटी टांगा, काम होतं." आणि त्यांनी करून दाखवलं. खालच्या भांड्यात पाणी उकळतंय, वरच्या भांड्याच्या गार बुडाला वाफ लागतेय, थेंब होऊन मधल्या वाटीत पडतेय. पोरांनी टाळ्या वाजवल्या. हे कुठे शिकलात, असं कुणीतरी विचारलं तर नाना नुसते हसले आणि बर्नर बंद करायला गेले.

यंदा ३१ मेला ते निवृत्त होणार होते. जानेवारीत एका दुपारी मी त्यांना मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. गोव्यातली छोटी डिस्टिलरी, तांब्याची भट्टी, तिच्याभोवती तिकीट काढून आलेले पंधरा-वीस लोक, आणि एक मुलगी त्यांना सगळं समजावून सांगतेय. नानांनी ती तीनदा पाहिली. मग विचारलं, "आणि हे लोक उभेच आहेत?"

त्या प्रश्नावरून गोव्याला जाऊन ती भट्टी बघायचं ठरलं. पुढे आम्हाला जे कळलं आणि जिथे आम्ही गोते खाल्ले ते लिहून ठेवतोय. आमच्याकडच्या कुणाला अशी सहल करायची असेल तर निदान कुणाला विचारावं या लाजेपायी अडायला नको.

पहिला गोता घरच्या जिल्ह्यातच. महाराष्ट्रात दारू प्यायची तर परवाना लागतो, हे आपण ऐकून असतो आणि सोडून देतो. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. एका दिवसाचा परवाना देशीसाठी २ रुपये, विदेशीसाठी ५ रुपये, वर्षाचा १०० आणि जन्मभराचा १,०००. मास्तर माणूस, कागद पक्का हवा म्हणून मी फेब्रुवारीत ऑनलाइन अर्ज भरला. आधार, फोटो, पत्ता, सही. मी जन्मभराचा घेतला. नाना म्हणाले, "साठीला टेकलो सर, जन्मभराचे हजार कशाला घालवायचे?" त्यांचा वर्षाचा. हे परवाने कशासाठी असतात ठाऊक आहे? आरोग्य राखण्यासाठी! कायद्याच्या भाषेत आपण सगळे तब्येतीसाठीच घेतो. माझ्या बायकोने ते वाचलं आणि तो कागद देव्हाऱ्याच्या खालच्या कप्प्यात, विम्याच्या पावत्यांसोबत ठेवला.

हे ११०० रुपये गोव्याच्या दृष्टीने पाण्यात गेले. तिथे असला परवाना लागतच नाही. वय २१ पूर्ण असलं की झालं. आपल्याकडे कडक दारूसाठी २५ लागतात. तेव्हा गोव्याला जाणाऱ्यांनी या भानगडीत पडू नये. नाशिककडे वाइनरी बघायला जायचं असेल तर गोष्ट वेगळी.

घरी सांगणं हा खरा कठीण भाग होता. आईच्या गळ्यात माळ. तिला मी 'कॉलेजच्या कामाने गोव्याला' एवढंच सांगितलं. तिने पिशवी पाहिली, नानांचा फोन ऐकला आणि विचारलं, "काय रे भाऊ, कथा चालना? दारू पेवाले इतला लांब?" आईपुढे आपलं काही चालत नाही. मग मी तिला खरं सांगितलं, की मी जे शिकवतो ते एकदा डोळ्यांनी बघायचंय. ती म्हणाली, "मंग देख. पन पेवू नको." मी मान डोलावली. तो शब्द मी पाळला नाही, हेही इथे लिहून टाकतो.

तारीख ठरवताना दुसरा गोता. फेणीचा, म्हणजे गोव्याच्या काजूच्या दारूचा, हंगाम बोंडांवर चालतो, साधारण फेब्रुवारी ते मे. त्याबाहेर गेलात तर बाटल्या दिसतील, चालू भट्टी दिसणार नाही. बारावीचे पेपर तपासून होईपर्यंत मला हलता येत नव्हतं, म्हणून एप्रिलचा मध्य धरला आणि डिस्टिलरीच्या संकेतस्थळावर १८ तारखेचा शुक्रवार मागितला. दुसऱ्या दिवशी फोन आला. बाई हसू दाबत म्हणाल्या, "सर, त्या दिवशी गुड फ्रायडे आहे. अख्खा गोवा बंद असतो." आपल्या डोक्यात रामनवमी, हनुमान जयंती असते, हा सण यादीतच नव्हता. मग बुधवार १६ एप्रिल, सकाळी ११ ची वेळ मिळाली. चाखण्यासह माणशी १,२००, नुसतं बघायचं तर ५००. पैसे आधी भरायचे, ४८ तास आधी रद्द केलं तरच परत. आठ दिवसांनी सूचनांचा निरोप आला : बंद बूट घाला, अत्तर लावू नका, नाश्ता करून या, स्वतः गाडी चालवत येऊ नका. मी भाड्याच्या स्कूटरचा बेत आखला होता, तो तिथेच संपला. बरंच झालं.

गाडीचं म्हणाल तर भुसावळहून गोवा एक्स्प्रेस थेट मडगावला जाते. दिल्लीकडून येते, मनमाड, पुणे, मिरज, बेळगाव, लोंढा करत घाट उतरते. कुठे बदलायला नको. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. मी मार्चमध्ये काढायला गेलो तेव्हा प्रतीक्षा यादीत १४ आणि १५ वर होतो. चार्ट लागेपर्यंत पोटात गोळा. जागा मिळाल्या, पण वेगवेगळ्या डब्यांत. थ्री टियर एसीचे दोघांचे जायचे पावणेतीन हजारांच्या आसपास झाले.

१४ एप्रिल, सोमवार. आदल्या रात्री यावलमार्गे भुसावळ गाठून मेहुण्याकडे मुक्काम केला होता. सकाळी फलाटावर उभे होतो तर एक पालक भेटले. "सर, इकडे कुठे?" मी म्हटलं, "अभ्यास दौरा." त्यांनी नानांकडे पाहिलं, आमच्या दोन पिशव्यांकडे पाहिलं, आणि "करा करा" म्हणून निघून गेले. नाना पुढचा अर्धा तास स्वतःशीच हसत होते. डबे वेगळे असले तरी दिवसभर ते माझ्याच शेजारी बसून होते. बायकोने दिलेल्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा पुण्यापर्यंत पुरला. त्यानंतर रेल्वेचं जेवण; त्याबद्दल न बोललेलं बरं.

गाडी दोन तास उशिरा धावत होती, आणि त्याचा फायदा असा की दूधसागर उजेडात दिसला. एप्रिलातलं ते पाणी म्हणजे काळ्या कड्यावर खडूने ओढलेली एक बारीक रेघ. नाना खिडकीला नाक लावून उभे. आमच्या इकडचा उन्हाळा पाठीवर घेऊन आलेल्या माणसाला ती हिरवी झाडी पाहून जरा रागच येतो.

मंगळवार आराम केला. स्टेशनजवळ १,६०० रुपयांची साधी खोली. समुद्र पाहिला. नाना पाण्यात पाय बुडवून म्हणाले, "तापीपेक्षा मोठा आहे." एवढंच. बाकी गोव्याबद्दल सगळे लिहितातच.

बुधवारी टॅक्सी केली, जाऊन-येऊन १,८००. डिस्टिलरी म्हणजे आत एवढासा आवार, कौलारू शेड, मागे काजूची टेकडी. दारात आधार पाहिलं. मी अभिमानाने परवानेही काढले. तिथल्या मुलीने ते उलटसुलट पाहिले आणि आतल्या दोघांना हाक मारून दाखवले. मग तिने आधार पुन्हा पाहिलं. "तुमचा दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी? १ जून?" मी म्हटलं, "आमच्याकडे निम्म्या गावाचा त्याच दिवशी असतो. शाळेत नाव घालताना गुरुजी जी तारीख लिहितील ती." ती मुलगी आम्हाला सगळं दाखवणार होती. तिचं मराठी कोकणी वळणाचं, पण आम्हाला इंग्रजीची धास्ती होती ती गेली. आमच्याबरोबर पुण्याचं एक जोडपं आणि बंगळूरचे चौघे मित्र होते.

मोबाइल दारातच ठेवायला लावले. भट्टीपाशी मद्यार्काची वाफ असते, ठिणगी नको. प्रयोगशाळेत मी पोरांवर याच कारणासाठी ओरडतो, त्यामुळे मला ते आवडलं.

आत शिरताच जो वास आला तो मला सांगता येणार नाही. पिकलेलं बोंड, थोडं आंबलेलं, थोडं तेलकट, कुठेतरी पेरूसारखं. नाना दारातच थांबले आणि डोळे मिटून उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "मोह नाही. पण भाऊबंद आहे."

मुलगी सांगत होती. बोंडं झाडावरून तोडत नाहीत, पिकून खाली पडलेलीच वेचतात. (मोहाचंही तेच. मार्च-एप्रिलच्या पहाटे फुलं गळतात आणि बायका-पोरं उजाडायच्या आत टोपल्या घेऊन झाडाखाली असतात.) बी काढून घेतात, बोंडं तुडवतात किंवा दाबतात. पूर्वी खडकात खोदलेल्या कुंडात, त्याला तिथे कोळंबी म्हणतात, पायांनी तुडवायचे. अजूनही काही गावांत तुडवतात. मग लगद्याचा ढीग रचून वेलीने आवळतात, वर दगड ठेवतात. आपोआप गळतो तो स्वच्छ रस म्हणजे नीरो. तुडवताना निघालेला रस दोन-तीन दिवस आंबवतात. यीस्ट वगैरे काही घालत नाहीत, बोंडाच्या सालीवरचंच काम करतं. पहिल्या वेळी ऊर्ध्वपातन केलं की निघतो हुर्राक, साधारण १५ टक्क्यांचा. त्यात पुन्हा रस मिसळून भट्टी लावली की फेणी, ४२-४५ टक्के. नाव 'फेण' यावरून. बाटली हलवली की वर फेसाची माळ उठते ना, ती. काजूचं झाड पोर्तुगीजांनी आणलं, पण नाव आपलंच राहिलं.

पुण्याच्या गृहस्थांनी विचारलं, बाटल्यांवर ४२.८ टक्के असा विचित्र आकडा का असतो? मुलीने माझ्याकडे पाहिलं, कारण मी मघाशी मास्तर असल्याचं सांगून बसलो होतो. सुदैवाने हे मला येत होतं. इंग्रजांच्या जुन्या मापात ५७.१ टक्के म्हणजे १०० प्रूफ. त्याच्या ७५ टक्के म्हणजे ४२.८. इंग्रज गेले, आकडा राहिला.

पण पुढच्याच मिनिटाला माझी विकेट पडली. भट्टीच्या मानेवर तापमापी होता. काटा नव्वदीच्या पुढे. मी म्हटलं, "७८ ला वाफ यायला हवी ना?" कोपऱ्यात काम करणारा जाणता माणूस मान न वळवता म्हणाला, "ते निव्वळ अल्कोहोलचं. हा रस आहे, पाणीच जास्त." बरोबर! पाच-सहा टक्के मद्यार्क असलेलं मिश्रण उकळायला पंचाण्णवच्या आसपास जावं लागतं. हे मला पुस्तकातून ठाऊक होतं, आलेखही काढता येतो. तरी १९ वर्षं फळ्यावर मी तो एकच आकडा लिहून पुढे जात आलोय, आणि पोरं समजत आलीत की ७८ ला दारू बाहेर पडते, १०० ला पाणी. कान गरम झाले. नानांनी ते पाहिलं, आणि न पाहिल्यासारखं केलं.

पहिली धार वेगळ्या भांड्यात घेतात. तिने ती कापसावर घेऊन हुंगायला दिली. नेलपॉलिश काढायच्या द्रावणासारखा वास. तो इथाइल ॲसिटेटचा. हे पोटात जाऊ देत नाहीत. नाना म्हणाले, "हे आम्ही गुडघ्याला चोळतो." बंगळूरच्या पोरांनी ते ऐकून नानांभोवती कोंडाळं केलं आणि इथून पुढे सहलीचे दोन मार्गदर्शक झाले. एकाने दबक्या आवाजात विचारलं, गावठी दारूने माणसं मरतात ती यामुळेच का? ते मी सांगितलं. फळाच्या आंबवणात मिथेनॉल थोडंच होतं. माणसं मरतात ती कुणीतरी कारखान्यातलं मिथेनॉल आणून मिसळतं म्हणून. भट्टीचा दोष नव्हे, मिसळणाऱ्याचा.

चाखायला लांब लाकडी टेबल, प्रत्येकासमोर कळीच्या आकाराचे पाच छोटे पेले, पाणी, मीठ लावलेले काजू आणि एक भांडं. भांडं कशाला? थुंकायला. पाचही गिळायची सक्ती नाही, चव घेऊन थुंकलं तरी चालतं. नानांना हे अजिबात पटलं नाही. "मोहाचं कुणी थुंकतं का?" त्यांनी पहिला पेला उचलला आणि ओठाला लावायच्या आधी बोट बुडवून दोन थेंब खाली फरशीवर सोडले. आमच्या भागात आदिवासी घरांत देवाला धार दिल्याशिवाय कुणी पीत नाही. टेबलावर क्षणभर शांतता झाली. मुलीने फडकं आणलं नाही. "बरं केलंत," म्हणाली आणि पुढचा पेला भरला.

एक युक्ती शिकलो ती सांगतो. नाक पेल्यात खुपसायचं नाही. पेला हनुवटीशी धरायचा, तोंड किंचित उघडं ठेवायचं आणि मग हुंगायचं. नाहीतर नुसता मद्यार्क नाकाला झोंबतो आणि दुसरं काही कळतच नाही. पहिला घोट जिभेवर घोळवून सोडून द्यायचा, चव दुसऱ्या घोटाला येते. मधे पाणी. हुर्राक मला आवडला, हलका, आंबूसगोड. तिथे तो लिंबाच्या सोड्यात मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून पितात. तो टिकत नाही म्हणून हंगामातच प्यायचा. काजूची फेणी अंगावर येते. नारळाची, म्हणजे माडाच्या सुरेची, त्यामानाने सौम्य. शेवटी जिन होती, जुनिपर नावाची बोरं आणि आणखी कायकाय मसाले घातलेली. नानांनी एक घोट घेऊन निकाल दिला : "हे औषध आहे." पेला माझ्याकडे सरकवला. मी तीन पेले घेतले, दोन थुंकले. आईचा शब्द दोन पंचमांश पाळला म्हणायचं.

खरी गोष्ट दुसऱ्या दिवशी घडली, आणि ती तिकिटात नव्हती. निघताना नानांनी त्या मुलीला विचारलं, गावातली, मातीची भट्टी कुठे बघायला मिळेल? तिने केपे तालुक्यातल्या एका ओळखीच्यांना फोन लावला. म्हणून गुरुवारी सकाळी कदंबची बस धरून केप्याला गेलो, तिथून दोन पायलट केले. पायलट म्हणजे भाड्याची मोटारसायकल, मागे बसायचं. नानांनी उतरेपर्यंत डोळे उघडले नाहीत.

माडाच्या झावळ्यांची शेड, खाली चूल, चुलीवर तांब्याचं मोठं भाण. भाणातून निघालेली नळी पाण्याच्या टाकीतून जाते आणि पलीकडे धार पडते. सांधा चिखलाने लिंपलेला. एक सत्तरीचे गृहस्थ लुंगीवर बसून लाकूड सारत होते. "बस मरे," म्हणाले. त्यांना मराठी जेमतेम, नानांना कोकणी शून्य. दहा मिनिटांत दोघे असे बोलत होते की मी नसतो तरी चाललं असतं. नानांनी आंबवणाच्या मडक्याला कान लावला. आतली चुरचुर थांबली की रस भट्टीला तयार, हे दोघांनाही ठाऊक. मग सांध्याचा चिखल बोटाने दाबून पाहिला आणि हाताने विचारलं : नुसती माती? म्हाताऱ्यांनी मान हलवली. म्हाताऱ्यांनी बाटलीत थोडी धार घेऊन जोरात हलवली आणि फेसाचे मणी किती वेळ टिकतात ते दाखवलं. त्यांच्याकडे दारू किती कडक ते मोजायचं एक काचेचं तरंगणारं मापही होतं, त्यावरच्या अंशांना ते ग्राव म्हणतात. नानांनी ओंजळीतले चार थेंब विस्तवात टाकले. निळी ज्योत भपकन उठली. म्हातारे खो-खो हसले. त्यांच्या पोरानेही तसंच करून पाहिलं.

मग नानांनी हळू आवाजात विचारलं, "पोलीस?"

म्हाताऱ्यांना आधी कळलंच नाही. मी समजावलं. तेव्हा ते उठले आणि शेडच्या खांबाला अडकवलेली प्लॅस्टिकची पिशवी काढून आणली. आत परवाना. तिथे दर वर्षी अबकारी खातं काजूच्या डोंगरांचा लिलाव करतं, त्याला पावणी म्हणतात. पट्टा घ्यायचा, भट्टीची फी भरायची, नोंद ठेवायची. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये सरकारने तिला गोव्याचा वारसा म्हटलं. म्हाताऱ्यांना यातलं काय माहीत होतं कोण जाणे. त्यांनी फक्त शिक्का दाखवला.

नानांनी तो कागद दोन्ही हातांत धरला. शिक्क्यावरून अंगठा फिरवला. वाचता येत नव्हतं असं नाही. पण बराच वेळ ते वाचतच होते. मग म्हणाले, "माझ्या आजीची मडकी तीनदा फोडली. तिसऱ्यांदा फोडली तेव्हा ती लग्नाची होती." लग्नाची, म्हणजे नानांच्या बापाच्या लग्नासाठी लावलेली. म्हाताऱ्यांना शब्द कळले नसावेत, 'मडकी' कळलं असावं. त्यांनी पोराला सांगून शहाळं फोडून आणलं. पैसे घेतले नाहीत. नानांनी कागदाचा फोटो काढू का, असं विचारलं आणि काढला.

परतीच्या गाडीत मी नानांना सांगितलं, आपल्याकडेही वारं थोडं बदललंय. २०२१ मध्ये मोहफुलं गोळा करण्यावरची, नेण्या-साठवण्यावरची बंधनं सरकारने काढली. २०२२ मध्ये मोहाच्या आणि काजूबोंडाच्या दारूला देशीतून काढून विदेशी मद्याच्या वर्गात बसवायचं ठरलं. नानांनी विचारलं, "मोह विदेशी?" मी म्हटलं, कागदावर. ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "आजीला सांगायला पाहिजे होतं."

बाटली आणली का, हे सगळे विचारतात. नाही आणली. गोव्यातून महाराष्ट्रात परवानगीशिवाय बाटली आणणं गुन्हा आहे, आणि ही गाडी तर मधे कर्नाटकातूनही जाते. आमचा तो परवाना इथे उपयोगी पडत नाही, तो प्यायचा आहे. दुकानदार 'काही होत नाही' म्हणतील. मास्तरकीची वीस वर्षं एका बाटलीपायी पणाला लावायची माझी तरी तयारी नव्हती. काजू आणि आमसुलं आणली. शुक्रवारी दुपारी भुसावळला उतरलो तेव्हा फलाटावरची हवा तोंडावर गरम तव्यासारखी आदळली.

खर्च : रेल्वे दोन्ही बाजूंची साडेपाच हजार, दोन रात्री खोली ३,२००, डिस्टिलरी २,४००, टॅक्सी १,८००, जेवणखाण १,८००, बस आणि पायलट ४००. म्हणजे दोघांचे १५,१००. वर ते ११०० आरोग्यासाठी. पुन्हा गेलो तर सकाळचीच वेळ घेईन, चाखायच्या आधी पोटभर खाईन (आम्ही चहा-बिस्किटावर गेलो होतो, तिसऱ्या पेल्याला कळलं) आणि गावातल्या भट्टीसाठी अख्खा दिवस ठेवीन.

३१ मेला नाना निवृत्त झाले. शाल-श्रीफळ, दोन भाषणं. जूनमध्ये ऊर्ध्वपातन शिकवताना मी फळ्यावर ७८.४ लिहिलं आणि त्याच्याखाली आणखी दोन ओळी लिहाव्या लागल्या. परवा नाना बाजारात भेटले. त्यांनी फोन काढून वेळ पाहिली तर पडद्यावर तो शिक्क्याचा कागद. पूर्वी तिथे नातवाचा फोटो असायचा. नातू रुसलाय म्हणे.